वंदनेचं मेण

मु. बोरटेक (केळझरजवळ)
१७ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद. रजतरावांना सप्रेम जयभीम.

पत्रास कारण की, परवा तू फोन केला अन् मी नुसती हो हो म्हणत राह्यली, पण मले एक अक्षर कळलं नाई. कानाचं यंत्र लावलं की ते चिमणीवानी चिंवचिंव करते, काढलं की दुनिया चूप. म्हणून आता आपलं पत्रच बरं. कैलासचा ऑटो रोज वर्ध्याले येते, तो पिपरीत तुह्या घरी चिठ्ठी टाकून देत जाईन. कागदावर कोणाले ओरडावं लागत नाई.

मी लय संतापली आहे. कोणावर, तर तुह्या बापावर. माह्या सख्ख्या भावावर.

आपल्या विहारात वर्षावास सुरू आहे. पावसाळाभर रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होते. बायका येळेवर येतात, माणसं शेवटच्या पानाले येतात. ते चालू दे. पण मागच्या रविवारी दादानं समितीची मिटिंग घेतली अन् अध्यक्ष म्हणून ठरवून टाकलं, की आश्विन पौर्णिमेच्या खीरदानाले यंदा आपली भट्टी पेटणार नाई. सेलूचा केटरिंगवाला गॅसची शेगडी घेऊन येईन, खीर तोच रांधीन, बायकांनी फक्त वाढायचं. आपला विहार उभा राह्यला तवापासून खिरीची भट्टी बायकांची. आधी माह्या मायनं लावली, तिच्या माघारी मी. आता म्हणे, बसा!

कारण तुले ठाऊकच आहे. मागच्या वर्षी पावसानं पराटी ओली होती, कपाशीची एक काडी कोरडी नव्हती. राशनचं राकेल बंद होऊन जमाना झाला. फुकून फुकून माहे डोळे लाल झाले तरी पेटेना. मग पोरांनी मोटरसायकलीतलं पेट्रोल काढून ओतलं अन् भडका झाला. आपल्या सीताबाईचा हात कोपरापर्यंत भाजला, भुवया गेल्या. सावंगीच्या दवाखान्यात तूच तिची पट्टी बदलत होती. ती बाई आजही चुलीसमोर बसत नाई. घरी सून रांधते.

म्हणून दादाचं पूर्ण खोटं आहे असं मी नाई म्हणत. पण पेट्रोल ओतलं पोरांनी अन् भट्टी गेली बायकांची, हा कुठचा न्याय? मी मिटिंगमधेच उभी राह्यली अन् म्हटलं, भादव्याच्या पौर्णिमेले मी सर्वांसमोर ओली पराटी बिना पेट्रोलची पेटवून दाखवते. दादा म्हणाला, दाखव, नाई पेटली तर गॅस येईन अन् पुन्हा हा विषय काढायचा नाई. मी तोऱ्यात हो म्हणून आली. आता घरी बसून डोक्याले हात लावला आहे.

मागं तू मोबाईलवर एक बाई दाखवली होती. ती अंड्याच्या ट्रेमधे मेण ओतून पेटवण बनवत होती. ते कसं करतात, सारं लिहून पाठवजो. अन् बापाले सांगशीन तर माह्या घरी येऊ नको.

जीव लावते तसा लावत राह्यजो.
तुही आत्या,
आनंदा


पिपरी (मेघे), वर्धा
२१ ऑगस्ट

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र रजतने मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो. मग मला तुझी काळजी वाटायला लागली. तुझं बीपी माहीत असून तू मिटिंगमध्ये पैजा लावत फिरतेस! आणि बाबांना ओळखत नाहीस का? आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस आहे तो. एकदा गिअर टाकला की मागे घेत नाही.

आता पेटवण. अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे घे. प्लास्टिकचा नको. त्याच्या वाट्यांमध्ये लाकडाचा भुसा भर, कवडू सुताराकडे मिळेल. मेणबत्त्या वितळवून ते मेण भुशावर ओत. थंड झालं की एकेक वाटी कापून ठेव. पेटवताना एक वाटी पराटीच्या खाली ठेवायची आणि कडेला काडी लावायची.

पण आत्या, माझं नीट ऐक. मेणाचं भांडं सरळ आचेवर ठेवू नकोस. मोठ्या गंजात पाणी उकळव आणि त्यात छोटा गंज ठेव. मेण पेटलं तर पाणी टाकायचं नाही, झाकण घालायचं. मी भाजलेली माणसं रोज बघते. त्यात मला माझी आत्या बघायची नाही.

खरं सांगू का? गॅस आला तर बिघडलं कुठे, असं मलाही एकदा वाटलं. तू रागावशील म्हणून हे एवढंच लिहिते.

तब्येतीची हेळसांड करू नकोस आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझी,
अपेक्षा


बोरटेक
३ सप्टेंबर

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद.

तुह्या त्या मोबाईलवाल्या बाईले एकदा आमच्या बोरटेकले घेऊन ये. तिले भादव्यातल्या पराटीसमोर बसवते अन् पाहते, कशी हसून हसून काडी लावते ते!

पहिल्या खेपेचं ऐक. कवडूनं भुसा दिला तो ओलाच. मी मेण ओतलं, ते वर तरंगून साय धरल्यावानी बसलं. पेटवलं तर वरचं मेण जळून गेलं अन् खालचा भुसा जसाच्या तसा. दुसऱ्या खेपेले भुसा उन्हात वाळवला, तर मधेच पाऊस आला. तिसऱ्या खेपेले तव्यावर भाजून घेतला अन् मेण भरपूर ओतलं, म्हटलं कंजूषी नको. तर सारा दगडच झाला. अर्धी काडीपेटी संपली, तो पेटायचं नाव घेईना. तू सांगितल्यापरमाणं गंजात गंज ठेवला होता, पण घाईत दुधाचाच गंज घेतला. आता चहावर मेणाचे डोळे तरंगतात. काय सांगू व माय, रडू यायचं बाकी राह्यलं.

पण हे तर काहीच नाई. खरी आग पुढंच लागली.

मेण कुठून आणलं, ते तुले सांगायचं राह्यलं. विहार झाडायचं काम माह्याकडे आहे. रोजच्या वंदनेच्या मेणबत्त्या विझल्या की त्यांचे तुकडे मी डब्यात टाकते. डबा भरला की उकिरड्यावर जाते, आजपर्यंत कोणी विचारलं नाई. म्हटलं, उकिरड्यापेक्षा कामी येईन. तुकडे घरी आणले अन् वितळवले. पण त्यात अगरबत्तीच्या काड्या अन् राख होती, ते ध्यानातच आलं नाई. पेटवण लावून पाह्यलं तर साऱ्या गल्लीत मोगरा घमघमला! बायका विचारत आल्या, आनंदाबाई, तुमच्या घरी आज कोणता कार्यक्रम आहे म्हणून. अन् त्यांच्या मागून दादा.

त्यानं एकदा चुलीत पाह्यलं, एकदा डब्यात पाह्यलं अन् जे बोलला ते मले यंत्र न लावता ऐकू आलं. बुद्धासमोर, बाबासाहेबांच्या फोटोसमोर लावलेलं मेण तू चुलीत जाळते, तुले लाज नाई वाटत? मीही सोडलं नाई. म्हटलं, आपल्या बापजाद्यांनी ज्यांचं सोवळं सोसलं, त्यांचा धर्म सोडून आपण इकडं आलो. आता तू मेणाले सोवळं नेसवतो काय? सुजातानं बुद्धाले खीर दिली तवा तिची चूल कशानं पेटली होती, हे कोणी विचारलं होतं काय? तो म्हणाला, वाद घालू नको. मी म्हटलं, वाद नाई, सवाल आहे. तो डबाच उचलून घेऊन गेला, अन् विहाराच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. उकिरड्यावर जात होता तवा दिसला नाई त्याले डबा!

पौर्णिमा तोंडावर आली आहे. माह्याजवळ पेटवण नाई, मेण नाई, अन् भाऊ बोलत नाई. काही सुचत असन तर लवकर लिहिजो.

तुह्या मायेवरच सारी भिस्त आहे.
आनंदा आत्या


पिपरी (मेघे)
५ सप्टेंबर

आदरणीय आत्या,
सविनय जयभीम वि. वि.

कैलासदादा दारात उभे आहेत, म्हणून घाईत लिहिते. बाबांचा फोन येऊन गेला. अर्धा तास माझीच खरडपट्टी काढली, की हे मोबाईलचं खूळ तूच आत्याच्या डोक्यात भरलंस. तुम्हा दोघा भावंडांच्या मध्ये माझं भरीत झालं आहे. तुझं वाचलं की तू बरोबर वाटतेस. बाबांचं ऐकलं की तेही अगदी चूक वाटत नाहीत. ते म्हणाले, वरच्या आळीतले सवर्ण लोक आधीच आपल्यावर हसायला टपलेले असतात. उद्या म्हणतील, बघा, हे आपल्याच विहारातलं सामान चुलीत घालतात. विहाराची फरशी, रंग, कुंपण सगळं उन्हातान्हात उभं राहून करून घेतलं आहे त्यांनी. कोणी बोट दाखवलेलं त्यांना सहन होत नाही. ते ओरडतात, पण आतून भितात. मी त्यांना हे म्हटलं नाही, तुला म्हणते.

म्हणून मधला मार्ग काढला आहे. सोबत दुकानातल्या मेणबत्त्यांचं पाकीट पाठवते. त्या वापर, म्हणजे भांडणच मिटलं.

आणि भुसा सोडून दे. त्यात हवा राहत नाही. घरात जुनी गादी असेल तर तिचा कापूस काढ, हाताने मोकळा पिंज आणि वाटीत सैल ठेव. मेण अर्धाच भाग भिजेल एवढं ओत. वर कापसाचं टोक कोरडं राहू दे, वातीसारखं. काडी त्या टोकाला लावायची. आम्ही काल गच्चीवर करून बघितलं. रजतची बोटं चिकटली, पण पेटलं.

आत्या, आता भांडू नकोस गं. दोघं मिळून मला वेडी कराल.

माया आहे ती दोघांनी राखा.
अपेक्षा


बोरटेक
१४ सप्टेंबर

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद. रजतरावांची बोटं बरी झाली काय?

तुहं पाकीट न फोडता कैलासच्या हाती परत पाठवते. रागावू नको. मन चांगलं आहे तुहं. पण मी दुकानचं मेण वापरलं असतं तर त्याचा अर्थ काय झाला असता? की विहाराच्या मेणाले हात लावायचा नाई, हे मी कबूल केलं. ते मी जीव गेला तरी कबूल करणार नाई. मी विहार झाडते, ते मेण माह्या हातानं गोळा होते, त्यात पाप कुठून आलं?

कुलूप लागल्यावर मी काय केलं, ऐक. चोरी नाई केली. रोज वंदना झाली की सर्वांसमोर मेणबत्त्यांचे तुकडे उचलले अन् पदरात बांधले. दादा पाहत होता. मी त्याच्याकडे पाहत होती. दोन-चार बायकांनीही आपापले तुकडे माह्या हातावर ठेवले. काड्या निवडून टाकल्या, मेण कापडातून गाळून घेतलं. अन् तुह्या आतोबाच्या बिछान्याची जुनी गादी उसवली. तुह्या म्हणण्यापरमाणं कापूस सैल ठेवला.

पौर्णिमेले विहाराच्या आवारात सारे जमले. पराटी मुद्दाम पावसात भिजवून आणली होती समितीच्या पोरांनी. मी चूल रचली, मधे दोन वाट्या ठेवल्या अन् काडी ओढली. पहिली काडी वाऱ्यानं विझली. माणसं हसली. दुसरी टोकाले लागली अन् कापूस धरला. मग आपली छोटी ज्योत स्थिर जळत राह्यली. भडका नाई, धूर नाई. पराटीतलं पाणी सुसू करत निघून गेलं अन् काड्या धरू लागल्या. कोणी हसलं नाई मग.

तवा सीताबाई दूर जांभळीखाली उभी होती, तोंडाले पदर लावून. ती हळूहळू पुढे आली. चुलीपाशी बसली. भाजलेल्या हातानंच एक पराटी आत सरकवली. पोरी, मले भरून आलं. ती बाई वर्षभरानं चुलीपाशी बसली.

समितीनं हात वर केले. गॅस रद्द, भट्टी आपली. दादानं हात वर केला नाई अन् खालीही नाई. मले एवढंच विचारलं, की खीरदानाले मेण कोणतं? मी म्हटलं, हेच. तो चप्पल घालून निघून गेला. जिंकली असं मी सांगत सुटली होती, पण घरी आली अन् वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

जीव लावत राह्यजो.
आनंदा आत्या


बोरटेक
८ ऑक्टोबर

चि. अपेक्षा हिस आशीर्वाद.

तुले ड्युटीमुळं येता आलं नाई ते बरंच झालं. जे मी पाह्यलं ते तुले पाहावं लागलं नाई.

खीर उत्तम झाली. आदल्या दिवशी पाऊस झाला तरी भट्टी एका काडीत धरली. सीताबाईनं अन् मी मिळून ढवळली. दूध उतू गेलं नाई की खाली लागलं नाई. माणसं येत राह्यली, पंगती बसत राह्यल्या. मी स्वतः वाढायले निघाली. वाढत वाढत दादापाशी आली. त्यानं वाटीवर हात आडवा धरला.

मले वाटलं, थोडी टाक म्हणते. मी वाकली. तो उठला. भरल्या पंगतीतून उठला अन् कोणाकडे न पाहता फाटकाबाहेर गेला. माह्या हातात पळी तशीच. बाजूच्या माणसांनी माना खाली घातल्या.

अपेक्षा, तुह्या पणजीच्या हातचं पाणी या गावात कोणी पेत नव्हतं. ते आपल्या माणसांनी सोसलं, कारण नाकारणारे परके होते. पण घरच्या भावानं घरच्या बहिणीच्या हातचं पंगतीत नाकारावं? हे मी जन्मात पहिल्यांदा पाह्यलं. कान गेले तवा मी रडली नाई, आता रडून राह्यली.

त्याले काही बोलू नको. मले फक्त कोणाले तरी सांगायचं होतं.

तुही,
आनंदा आत्या


बोरटेक
१० ऑक्टोबर

आयुष्मती आनंदास,
जयभीम.

चार घरांवरून पत्र लिहितो आहे याचे तुला हसू येईल. पण हे तुझ्या कानाशी बोलायचे तर ओरडावे लागेल, आणि ही ओरडण्याची गोष्ट नाही. समोर आलो तर तू मला बोलू देणार नाहीस, हेही कारण आहे.

प्रथम समितीचा अध्यक्ष म्हणून. माझे मत बदललेले नाही. विहारातील वस्तू विहाराच्याच कामी यावी. आपण काय करतो याकडे गावाचे बारीक लक्ष असते. त्यांना बोट दाखवायला जागा मिळू नये, म्हणून मी आयुष्यभर जपून वागलो. म्हणून पंगतीतून उठलो. माझ्या उठण्याला तत्त्व होते, असे मी घरी पोचेपर्यंत धरून चाललो होतो.

काल अपेक्षाचा फोन आला. तू तिला बोलू नको म्हटले होतेस म्हणे, पण ती माझीच मुलगी आहे. तिने भांडण केले नाही. एवढेच विचारले, की बाबा, तुम्ही पंगतीतून उठलात ते कोणासारखे उठलात? मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून घरात बसून आहे. विहारातही गेलो नाही.

अध्यक्षाचा विरोध कायम आहे, तो वहीत नोंदवून घ्यावा. पण त्या दिवशी पंगतीतून अध्यक्षाबरोबर तुझा भाऊही उपाशी उठला. खीर वाटीभर उरली असेल तर ठेव. मी स्वतः येऊन घेईन.

तुझा दादा,
चंद्रभान


बोरटेक
१० ऑक्टोबर, दुपार

दादास,
आनंदाचा जयभीम.

पत्र पोचलं. हसू नाई आलं.

खीर उरली नाई. सीताबाईनं गंज खरवडून लेकरांले दिला. अन् तू गेल्यावर काय झालं तेही ऐकून ठेव, तुले कोणी सांगितलं नसन. वरच्या आळीची माणसं आली होती. ज्यांच्या हसण्याले तू जन्मभर भ्यायला, तेच. पंगतीत बसली, खाल्ली, अन् वाटी पुढे करून दुसऱ्यांदा मागितली. भट्टी कशानं पेटली, हे त्यांच्यातल्या एकानंही विचारलं नाई. ते बसले होते अन् तू उठून गेलता.

तुह्या अध्यक्षाचा विरोध माह्याकडे नोंदवला. त्याच्याशी मी पुढच्या मिटिंगमधे भांडीन. अजून माहं बोलणं संपलं नाई.

भावासाठी उद्या सकाळी दूध घेतलं आहे. पराटी रचून ठेवते, खाली वाटी ठेवते. त्याच मेणाची, दुसरी माह्याजवळ नाई अन् असती तरी लावली नसती. काडी मात्र मी ओढणार नाई. ती तू ओढजो, तुह्या हातानं. पेटेपर्यंत बाजूले बसजो. मग खीर होईन, अन् एकाच ताटात खाऊ.

राग आहे तेवढा घेऊन ये, माया आहे तेवढीही आण.

तुही धाकटी,
आनंदा

ता. क. – घरून काही खाऊन येऊ नको.